कंठाचा प्रवास : आशा पुथली यांची पहिली लाँगप्ले ध्वनिमुद्रिका

वाद्य आधी, कंठ नंतर

दोन संगीतपरंपरा एकमेकींच्या सहवासात आल्या म्हणजे त्यांच्यातील देवघेवीला आरंभ होतो तो बहुधा वाद्यांपासून. वाद्य ही एक वस्तू असते. ती विकत घेता येते, जहाजातून आणता येते, तिच्या तारा वेगळ्या स्वरांत लावता येतात आणि नव्या धन्याला जे हवे ते तिच्याकडून वदवून घेता येते. व्हायोलिन दक्षिण भारतात आले आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीचे अविभाज्य अंग बनले. बाजाची पेटी महाराष्ट्रात आली आणि नाट्यगृहापासून भजनी मंडळापर्यंत सर्वत्र रुळली. कंठाची गोष्ट निराळी आहे. बालपणी कानांवर पडलेली भाषा, गुरूने घोटून घेतलेले स्वर, श्वास घेण्याची लकब हे सारे कंठात मुरलेले असते. म्हणूनच एका परंपरेत घडलेला कंठ दुसऱ्या परंपरेत रुजल्याची उदाहरणे विरळा आढळतात.

वाद्यांच्या स्थलांतराचे एक ठळक उदाहरण म्हैसूरच्या राजवाड्यात सापडते. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत राजवाड्याच्या पदरी कर्नाटक संगीत वाजवणारा वाद्यवृंद होता, तसाच पाश्चात्त्य पद्धतीचाही होता, आणि ऑटो श्मिट हे जर्मन संगीतज्ञ तेथे वाद्यवृंदाचे संचालन करीत. त्याच नगरीत टी. चौडय्या यांनी व्हायोलिनला चारांऐवजी सात तारा बसवल्या, कारण ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहात वाद्याचा नाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे त्यांना आवश्यक वाटले. कृष्णराजांचे वारस जयचामराज वडियार हे तर दोन्ही संगीतांचे जाणकार होते. त्यांनी कर्नाटक पद्धतीच्या ९४ कृती रचल्या. दुसरीकडे, निकोलाय मेट्नर या रशियन रचनाकाराचे संगीत ध्वनिमुद्रित व्हावे म्हणून त्यांनी लंडनमध्ये द्रव्यसाहाय्य केले. रिखार्ड श्ट्राउस यांच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला प्रयोग २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्यामागेही त्यांचीच आर्थिक हमी होती. तथापि, एकाच रसिकाच्या ठायी नांदणारी ही दोन संगीते एकमेकांत मिसळली नाहीत. कृती कृतीच्या जागी राहिली आणि सोनाटा सोनाट्याच्या जागी.

ती मिसळली पुढच्या पिढीत, तीही एका वाद्याच्या निमित्ताने. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील एका नागस्वरवादकाचे चिरंजीव कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवण्याचा ध्यास घेतला. सॅक्सोफोनच्या कळा स्वराला ठरावीक जागी थांबवतात. कर्नाटक संगीतातील गमकाला तर स्वर सतत हलता, आंदोलित हवा असतो. ओठांची पकड आणि फुंक यांवर दीर्घकाळ मेहनत घेऊन गोपालनाथांनी ही अडचण ओलांडली. १९८० साली मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांच्यासह त्यांनी वादन केले, तेव्हा मूळचे पाश्चात्त्य वाद्य भारतीय बोली आत्मसात करून पुन्हा पाश्चात्त्य वादकाच्या शेजारी येऊन बसले होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. वाद्याने जे साधले ते कंठाला साधेल काय? भारतीय रागसंगीतात घडलेला आवाज जॅझच्या प्रांतात गेला, तर त्याचे काय टिकेल आणि काय गळून पडेल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईच्या आशा पुथली यांच्या पहिल्या लाँगप्ले ध्वनिमुद्रिकेचा अभ्यास विशेष उपयुक्त ठरतो. ही ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये सी.बी.एस. कंपनीने प्रसिद्ध केली आणि तिला गायिकेचेच नाव देण्यात आले.

मुंबईतील जॅझ

आशा पुथली यांचा जन्म १९४५ मधला, मुंबईतला. ज्या शहरात त्या वाढल्या तेथे जॅझ नवखा नव्हता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजला होता. त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कलावंत येथे राहून गेले. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चमधील संगीतशाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या या वादकांना जॅझचे वळण लवकर उमगले. मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतील रात्रीच्या मैफली रोडावल्या, तेव्हा यांतील अनेकांनी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा आश्रय घेतला. अण्णा म्हणजे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील गाण्यांना जी ठसकेदार लय लाभली, तिच्यात ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा वाटा होता. अशा रीतीने मराठी श्रोत्याने जॅझ हे नाव ऐकण्यापूर्वीच जॅझची लय ऐकली होती.

१९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेले. ब्रूबेक यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत वादनही केले. १९६८ मध्ये शंकर–जयकिशन यांनी रागांवर आधारित जॅझरचनांची एक ध्वनिमुद्रिका काढली, तीत सतार रईस खाँ यांची होती. मात्र या सर्व प्रयोगांकडे बारकाईने पाहिले तर असे दिसते, की त्यांत पुढाकार वाद्यांचा आहे. गोमंतकीय गायिका लॉर्ना यांनी ख्रिस पेरी यांच्या चालींवर कोंकणी गीतांत जॅझचा बाज आणला, हा महत्त्वाचा अपवाद होय. लॉर्नांनी भाषा आपली राखली आणि चाल जॅझची घेतली. पुथली यांचा मार्ग याहून वेगळा होता. त्यांनी भाषा इंग्रजी घेतली आणि तिच्यात गळा आपला वापरला.

पुथली यांनी हिंदुस्थानी रागसंगीताचे शिक्षण घेतले होते, त्याचबरोबर पाश्चात्त्य ऑपेरागायनाचेही. साठच्या दशकात त्या मुंबईतील जॅझवादकांबरोबर गाऊ लागल्या. ‘सॅव्हेजेस’ या तरुणांच्या वाद्यगटाबरोबर त्यांची एक छोटी ध्वनिमुद्रिकाही निघाली. अमेरिकेत स्थायिक झालेले भारतीय लेखक वेद मेहता भारतभ्रमणासाठी आले असताना त्यांनी पुथली यांचे गाणे ऐकले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या ग्रंथातील मुंबईच्या जॅझविषयीच्या प्रकरणात त्यांनी या तरुण गायिकेविषयी लिहिले.

ख्याल आणि जॅझ : साम्य व भेद

पुढील विवेचन समजण्यासाठी दोन्ही पद्धतींतील साम्यभेद थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजेत. ख्यालगायक बंदिशीचा मुखडा स्थापन करतो आणि तालाच्या आवर्तनात राहून आयत्या वेळी स्वरविस्तार करतो. जॅझवादकही एक ठरावीक चाल वाजवून दाखवतो आणि मग बारा किंवा बत्तीस मापांच्या चक्रावर उत्स्फूर्त रचना करीत जातो. चक्र पुरे झाले की पुन्हा आरंभस्थानी येणे दोघांनाही बंधनकारक असते. समेवर येण्याचा आनंद काय असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला जॅझमधील या पुनरागमनाची गोडी समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एक साम्य सूक्ष्म स्वरांचे आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूज गायनात गंधार व निषाद हे स्वर पियानोच्या पट्टीवर नेमके सापडत नाहीत. ते शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या अवकाशात रेंगाळतात. आपल्याकडे एकच कोमल गंधार दोन रागांत किंचित वेगळ्या उंचीवर लागतो, ही बाब जाणकारांना परिचित आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची मींडही दोन्हीकडे आहे.

भेद मात्र मूलभूत आहे. ख्यालाच्या मागे तानपुऱ्याचा अखंड षड्ज असतो आणि गायकाचा प्रत्येक स्वर त्या एका स्थिर बिंदूशी नाते जोडतो. जॅझमध्ये गाण्याच्या पाठीमागे स्वरसंघात, म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर, मापागणिक बदलत असतात. आधारभूमीच जणू पायाखालून सरकत असते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला या सरकत्या भूमीवर उभे राहणे कठीण जाते. भारतीय गायकांचे जॅझमधील प्रयोग अडखळले ते पुष्कळदा याच ठिकाणी.

कोलमन यांच्याकडे

पुथली विमानसेविका म्हणून नोकरी पत्करून मुंबईबाहेर पडल्या आणि नृत्याच्या शिक्षणाच्या निमित्ताने न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे जॉन हॅमंड यांनी त्यांना कोलंबिया कंपनीच्या छत्राखाली आणले. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांच्या कारकिर्दीच्या आरंभी ज्यांनी त्यांची योग्यता ओळखली, ते हेच हॅमंड. त्यांच्यामुळे पुथली यांची गाठ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्याशी पडली.

कोलमन यांनी १९५९च्या सुमारास जॅझमधील स्वरसंघातांचे ठरीव चक्रच बाजूला सारले होते. वादकाने पूर्वनियोजित संघातांच्या मागे धावू नये, चालीच्या ओघातून जी दिशा सुचेल तिकडे जावे, असा त्यांचा आग्रह होता. या पद्धतीस मुक्त जॅझ म्हणतात. सप्टेंबर १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘सायन्स फिक्शन’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ ही दोन गीते पुथली यांनी गायिली आहेत.

ही गीते ऐकताना वर सांगितलेल्या भेदाचे महत्त्व पटते. चार्ली हेडन यांचा भारी आवाजाचा बास, ड्रमचे नियमित ठेक्यापासून सुटलेले आघात आणि वर शिंगवाद्यांची लांबच लांब ओळ, अशा या रचनेत आधारभूमी मापागणिक बदलत नाही. चाल कोलमन यांनीच लिहिलेली आहे. तिच्यात दूरदूरच्या स्वरांवरील उड्या आहेत आणि विलंबित आलापाप्रमाणे तिला बांधीव लय नाही. गायिका स्वरावर थेट पाय ठेवत नाही. ती किंचित खालून येते, स्वराला स्पर्श करते, त्यावर थोडी थरथरते आणि मग पुढे सरकते. जॅझच्या सामान्य गायिकेला ही चाल अवघड वाटली असती. आलापीचा संस्कार असलेल्या कंठाला ती ओळखीची वाटली, असे अनुमान काढण्यास जागा आहे. जॅझमधील सर्वांत दुर्बोध मानला गेलेला प्रवाहच भारतीय गळ्याला सर्वांत जवळचा निघाला. ‘डाउनबीट’ या जॅझविषयक अमेरिकन नियतकालिकाच्या समीक्षकांनीही या गायनाची दखल घेतली.

१९७३ची ध्वनिमुद्रिका

वास्तविक या यशानंतर पुथली यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका मुक्त जॅझची असेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. तसे घडले नाही. ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले. निर्मितीची जबाबदारी डेल न्यूमन यांच्याकडे होती. कॅट स्टीव्हन्स आणि एल्टन जॉन यांच्या गाण्यांना तंतुवाद्यांची साथ रचून देणारे संयोजक म्हणून ते ख्यातनाम होते. गीते निवडली गेली ती त्या काळच्या लोकप्रिय संगीतातून. जे. जे. केल यांचे ‘राइट डाउन हिअर’, बीटल्समधून बाहेर पडलेले जॉर्ज हॅरिसन यांचे ‘आय डिग लव्ह’, बिल विदर्स यांचे ‘लेट मी इन युअर लाइफ’ ही त्यांतील काही. विदर्स यांचे गीत ज्या प्रकारात मोडते त्याला सोल असे म्हणतात. चर्चमधील भक्तिगीतांची आर्तता आणि ब्लूजची लय यांच्या संयोगातून कृष्णवर्णीय अमेरिकनांनी हा प्रकार घडवला.

तेव्हा या ध्वनिमुद्रिकेत उत्स्फूर्त विस्ताराला फारसा वाव नव्हता. गाणे तीन-चार मिनिटांचे, ठेका निश्चित, वाद्यमेळ आधी लिहिलेला. रागसंगीतातील ज्या अंगाचा जॅझशी सर्वांत जवळचा संबंध, ते विस्ताराचे अंगच येथे वगळले गेले. मग शिल्लक काय राहिले?

शिल्लक राहिला स्वर लावण्याचा ढंग. केल यांची मूळ गाणी आखूड, पुटपुटल्यासारखी असतात. ‘राइट डाउन हिअर’ या गीताला लंडनच्या वाद्यमेळाने संथ, डौलदार ठेका दिला आणि पुथली त्या ठेक्याच्या किंचित मागे राहून गातात. शब्द उच्चारून झाल्यावरही त्याचा अखेरचा स्वर सोडून न देता त्याला खाली ओढत नेतात. हॅरिसन यांचे गीत त्या श्वासमिश्रित, कुजबुजीच्या जवळ जाणाऱ्या आवाजात आळवतात आणि अधूनमधून आवाज एकदम वरच्या पट्टीत फेकतात. मायक्रोफोन ओठांजवळ असल्याशिवाय अशी गायकी संभवत नाही. ख्यालगायकाचा आवाज मैफलीत दूर पोहोचावा म्हणून कसलेला असतो. येथे तोच कसलेला आवाज जाणूनबुजून आवरून धरलेला आहे. नवशिक्याची कुजबुज आणि ताकद राखून केलेली कुजबुज यांतील अंतर जाणत्या कानाला लपत नाही. स्वर हळू आहे, पण डळमळत नाही. श्वास ऐकू येतो, पण सुटत नाही.

यावरून असे म्हणता येईल, की एखाद्या परंपरेचे शिक्षण कंठात दोन थरांवर साठते. वरचा थर शैलीचा असतो. राग, बंदिश, ताना, सरगम ही त्याची दृश्य रूपे होत. खालचा थर सवयीचा असतो. श्वासाचा हिशेब, दोन स्वरांमधील वाट चालण्याची रीत, एका स्वरावर स्थिर राहण्याचे धैर्य ही त्याची अंगे. परंपरा बदलली की पहिला थर टाकून देता येतो, दुसरा टाकता येत नाही. ‘सायन्स फिक्शन’मध्ये दोन्ही थरांच्या खुणा दिसतात. १९७३च्या ध्वनिमुद्रिकेत पहिला जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि त्यामुळेच दुसरा स्वच्छ दिसतो. अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व येथे आहे.

स्वागत आणि उपेक्षा

या ध्वनिमुद्रिकेचे स्वागत झाले ते मुख्यतः युरोपात. तिचे वर्गीकरण कसे करावे हा पेच विक्रेत्यांपुढे असणे स्वाभाविक होते. ज्यांनी गायिकेला कोलमन यांच्यासमवेत ऐकले होते त्या जॅझरसिकांना ही गाणी हलकी वाटावीत आणि ज्यांना हलकी गाणी हवी होती त्यांना हा स्वर अनोळखी वाटावा, अशी ही परिस्थिती होती. भारताविषयी युरोपीय मनात तेव्हा सतार, ध्यानधारणा आणि उदबत्ती यांचे एक ठोकळेबाज चित्र होते. पुथली यांनी या ध्वनिमुद्रिकेत त्या चित्राचा आधार घेतला नाही. भारतीयत्वाची पाटी न लावता भारतीय शिक्षणावर उभे राहणे त्यांनी पसंत केले, ही गोष्ट लक्षणीय होय.

मायदेशी तर हा आवाज बहुतेकांच्या कानांपर्यंत पोहोचलाच नाही. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला इंग्रजी गाणे परके होते आणि चित्रपटगीतांच्या श्रोत्याचे कान वेगळ्या कंठांनी घडवले होते. १९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाचा आरंभ केला, तोवर पुथली यांची कारकीर्द परदेशात पुष्कळ पुढे गेली होती. १९७६च्या ‘द डेव्हिल इज लूज’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘स्पेस टॉक’ हे गीत न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत गाजले. पुढे १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपगायकाच्या एका गीतात त्याचा तुकडा वापरला गेला. नव्या पिढीने पुथली यांचे नाव शोधून काढले ते अशा तुकड्यांच्या मागाने जाऊन. २०२२ मध्ये त्यांच्या निवडक गीतांचा संग्रह ब्रिटनमध्ये नव्याने प्रसिद्ध झाला.

ऐकण्याचा क्रम

ज्या वाचकाला हे विवेचन कानांनी पडताळून पाहावयाचे असेल त्याने प्रथम कोणत्याही उत्तम ख्यालगायिकेचा विलंबित आलाप दहा मिनिटे ऐकावा आणि दोन स्वरांमधील वाटेकडे लक्ष द्यावे. त्यानंतर कोलमन यांच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ऑल माय लाइफ’ ऐकावे. शेवटी केल यांचे मूळ ‘राइट डाउन हिअर’ आणि मागोमाग पुथली यांचे, अशी तुलना करावी. शब्द व चाल तीच असूनही काय बदलले, याची नोंद कागदावर करावी. त्या नोंदीत जे उरेल, ते बहुतांशी स्वर लावण्याच्या सवयीचे असेल.

म्हैसूरच्या राजवाड्यातील सॅक्सोफोनला कर्नाटक संगीत बोलावयास शिकवले गेले आणि देशाने त्या वादकास पद्मश्रीने गौरविले, कारण परके वाद्य आपल्या घरी आले होते. आपला कंठ परक्या घरी गेला तेव्हा मात्र त्याची नोंद घेण्यास आपण फार वेळ लावला. संगीताचा इतिहास लिहिताना घरी आलेल्यांइतकीच घराबाहेर पडलेल्यांचीही गणना झाली पाहिजे. तशी गणना झाली, तर १९७३ची ही ध्वनिमुद्रिका मुंबईच्या संगीताच्या इतिहासातही आपले स्थान मिळवील, यात संदेह नाही.